महानगरांतला एएम रेडिओ: थोडी केंद्रं बंद झाली तर उरलेली जगतील का?

मनोरा (धागाकर्ता)

एएम रेडिओच्या मरणाच्या बातम्या इतक्या वेळा येऊन गेल्यात की आता त्या कोणी पूर्ण वाचतही नाही. तरी धागा काढतोय, कारण दर वेळी चर्चा 'जुनं चांगलं की नवं चांगलं' इथेच अडकते आणि मोठ्या शहरांचा प्रश्न बाजूला पडतो. विरळ वस्तीत, डोंगरांत, समुद्रावर मध्यम लहरींचा, म्हणजे एएम ज्यावर चालतो त्यांचा, उपयोग आजही आहेच. तिथे एक दणकट ट्रान्समीटर प्रचंड मोठ्या परिसराला पुरतो. अडचण आहे ती महानगरांत, जिथे एका चिंचोळ्या पट्ट्यात केंद्रं खच्चून भरली आहेत.

पट्टा किती चिंचोळा आहे तेही बघा. युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया इथे ५२६.५ ते १६०६.५ किलोहर्ट्झ आणि दर ९ किलोहर्ट्झला एक चॅनल. हे १९७५ च्या जिनिव्हा आराखड्यात ठरलं. अमेरिका खंडात अंतर १० किलोहर्ट्झ, वरची हद्द १७०० पर्यंत. कुठेही गेलात तरी चॅनल एकशेवीसच्या आसपासच. एकट्या अमेरिकेत या एवढ्या जागेत चार हजारांहून अधिक केंद्रं आहेत.

दिवसा निभतं, कारण आयनांबराचा डी थर वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरांवरून परततात आणि हजार किलोमीटरवरचं केंद्र तुमच्या शहरातल्या केंद्राच्या उरावर येऊन बसतं. एफएमचा सेट अशा वेळी दोघांतलं जोरदार पकडतो आणि दुसरं गिळून टाकतो. एएममध्ये दोन्ही ऐकू येतात, शिवाय शिट्टी वेगळी. म्हणून अमेरिकेतली बरीच केंद्रं रात्री पॉवर उतरवतात, काही प्रक्षेपणाची दिशा बदलतात, काहींना तर परवानाच दिवसापुरता असतो.

माझं म्हणणं थोडं कडू आहे. महानगरांत एएम वाचवायचा असेल तर सगळी केंद्रं वाचवण्याचा नाद सोडावा लागेल. अर्धीअधिक बंद होऊ द्या. उरलेल्यांना मोकळी हवा मिळेल, रात्रीची पॉवर वाढवता येईल, आवाजाची पट्टी रुंद ठेवता येईल. आज सगळेच एकमेकांच्या पायात पाय घालून उभे आहेत.

तुमचं काय मत?

---

खरखर

धागा छान, निदान पटलं नाही. शेजारची केंद्रं कमी करून काय होणार? शहरात खरा शत्रू केंद्र नाहीच, घरातली वीज आहे. प्रत्येक चार्जर, एलईडी दिवा, डिमर, लिफ्टची मोटार, छतावरच्या सौर पॅनलचा इन्व्हर्टर, सगळे सेकंदाला हजारो वेळा करंट तोडून जोडतात आणि त्याची पिलावळ थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात उतरते. एएममध्ये माहिती असते ती लहरीच्या उंचीत, आणि हा कचराही उंचीतच भर घालतो. सेटनं त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं?

त्यात सळई-काँक्रीटच्या इमारती. खिडकीपाशी केंद्र लागतं, चार पावलं आत आलात की फक्त खर्रर्र. दिव्यांची खरखर मर्यादेत ठेवायला सीआयएसपीआर १५ सारखी मानकं आहेत, पण स्वस्तातल्या मालात फिल्टरचे दोन भाग वाचवले की उत्पादकाचा फायदा आणि श्रोत्याचा तोटा. तपासणार कोण?

पन्नास वर्षांपूर्वी जे केंद्र शहरभर स्वच्छ ऐकू यायचं, तेच त्याच पॉवरवर आज निम्म्या घरांत ऐकू येत नाही. ट्रान्समीटर जिथल्या तिथे आहे, खरखरीची पातळी वर चढली आहे.

---

मनोरा

@खरखर, अगदी मान्य. आणि म्हणूनच तर पॉवर वाढवायला वाव हवा म्हणतोय. खरखरीवर मात करायची तर सिग्नल चढवायला हवा, आणि शेजारी मोकळे नसतील तर तो चढवता येत नाही.

---

अनुनाद

ट्रान्समीटरच्या कामात आयुष्य गेलं आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो जी बातम्यांत येत नाही. एएमचं भवितव्य स्टुडिओत ठरत नाही, श्रोत्यांच्या आकड्यांतही नाही. ते सातबारावर ठरतं.

एफएमचा अँटेना कुठल्याही उंच इमारतीच्या डोक्यावर बसतो. एएममध्ये अख्खा मनोरा हाच अँटेना असतो. १००० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर, म्हणजे पाव लांबीचा मनोरा ७५ मीटरचा. तो तळाशी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा राहतो आणि त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चहूकडे पुरलेल्या असतात. चांगल्या केंद्रात १२० तारा, प्रत्येक जवळपास मनोऱ्याएवढी लांब. सिग्नल विशिष्ट दिशेला वळवायचा असेल तर असे तीन, चार, सहा मनोरे. आता जागेचा हिशेब करा.

जमीन ओलसर असली की लहर दूर जाते, म्हणून जुन्या लोकांनी शहराबाहेरच्या दलदली, खाजणं, नदीकाठ शोधून मनोरे उभे केले. तेव्हा तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं. पुढे शहरच चालत तिथपर्यंत आलं. आता केंद्राची वर्षाची कमाई एकीकडे आणि खालच्या जमिनीची किंमत दुसरीकडे ठेवली तर मालक काय करील?

ठळक उदाहरण वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएमएएलचं, ६३० किलोहर्ट्झ. बेथेस्डा उपनगरात सुमारे ७५ एकरांवर चार मनोरे होते. जमीन घरं बांधणाऱ्या कंपनीला सात कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेली आणि २०२० मध्ये मनोरे पाडले. केंद्र दुसऱ्याच्या मनोऱ्यांवर पाहुणं म्हणून गेलं.

म्हणून @मनोरा, तुमच्या योजनेत एक मेख आहे. गर्दी कमी होईल हे खरं, पण कोण आधी जाईल? दुबळी केंद्रं जातील असं तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात ज्याची जागा मोक्याची, मनोरे जास्त, सिग्नल दणकट, तेच आधी विकलं जातं. मागे उरतात ती एका मनोऱ्यावरची, दिवसापुरती, कशीबशी चालणारी.

---

सावली

वाखूसा (वाचनखूण साठवली). अनुनाद, तुमच्या प्रतिसादाचा स्वतंत्र लेख करा.

एक बाळबोध प्रश्न: फोनमध्ये एफएम असायचं तसं एएम कधीच का नव्हतं?

---

लोहचुंबक

@सावली, एफएमला हेडफोनची वायर अँटेना म्हणून चालते. एएमला फेराइटची कांडी लागते आणि ती जितकी लहान तितकी बहिरी. शिवाय फोनच्या पोटातच इतकी इलेक्ट्रॉनिक खडखड असते की त्या कांडीला दुसरं काही ऐकूच येणार नाही.

हेच दुखणं विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं. मोटारीच्या इन्व्हर्टरची खरखर थेट रेडिओत येते. ती अडवता येते, पण केबलवर आवरण आणि फिल्टर यांचा खर्च, वजन वाढतं. बीएमडब्ल्यू, टेस्ला वगैरेंनी आपल्या विजेच्या गाड्यांतून एएम काढून टाकला. फोर्डनं २०२३ मध्ये जवळपास सगळ्याच नव्या गाड्यांतून काढायचं ठरवलं, ओरड झाली आणि मे महिन्यात निर्णय फिरवला. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेत प्रत्येक नव्या गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक मांडलं गेलं. डेमोक्रॅट एड मार्की आणि रिपब्लिकन टेड क्रूझ, म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष, या एका बाबतीत शेजारी बसले.

महानगरात रेडिओ ऐकला जातो तो मुख्यतः गाडीत. गाडीतून गेला की शहरातल्या एएमचा विषय संपला. बाकी सगळं शवविच्छेदन.

---

पडघम

विधेयकामागचं कारण नॉस्टॅल्जिया नाही, आपत्तीच्या सूचना आहेत. अमेरिकेच्या फेमा या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेनं देशभर ७७ रेडिओ केंद्रं निवडली आहेत. त्यांना जनरेटर, इंधनसाठा, सुरक्षित खोल्या पुरवल्यात. त्यांतली बहुतेक एएम आहेत आणि मिळून ९० टक्क्यांहून जास्त लोकसंख्येपर्यंत पोचतात. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, पुढे? पूर आला, वीज गेली, नेटवर्क कोसळलं, की दोन सेलवर चालणारा डबाच कामाला येतो. आणि वीज गेली की @खरखर यांचा कचराही जातो हे विसरू नका. ब्लॅकआउटमध्ये शहरातला एएम एकदम स्वच्छ ऐकू येतो.

---

खरखर

हाहा, हे मात्र खरं. एएम ऐकायचा तर आधी शहर अंधारात घाला.

---

बिनतारी

एक बाजू राहिली: सरळ एफएमवर का जात नाहीत?

लहान गावांत जातात. मोठ्या शहरांत जागाच नसते, आणि प्रश्न तर मोठ्या शहरांचाच आहे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ भरलेलं. आपल्याकडे तर एका शहरातल्या दोन खासगी एफएम वाहिन्यांत ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. २० मेगाहर्ट्झला ८०० नं भागा, त्यातून आकाशवाणीचा वाटा काढा, उरतं काय?

ज्या देशांनी हे जमवलं त्यांच्याकडे एक समान धागा दिसतो: जुना टीव्ही. जपानमध्ये एफएमचा पट्टा ९० मेगाहर्ट्झला संपायचा, कारण त्याच्यावर टीव्हीचे पहिले तीन चॅनल होते. अॅनालॉग टीव्ही बंद झाला, ९० ते ९५ चा तुकडा मोकळा झाला आणि एएम केंद्रांना तिथे जोडप्रक्षेपणाची मुभा मिळाली. त्याच्या कारणांतच 'शहरात एएम ऐकू न येणं' हे अधिकृतपणे नमूद होतं, पूर आणि भूकंपाच्या जोडीला. २०२१ मध्ये तिथल्या ४७ पैकी ४४ खासगी एएम कंपन्यांनी २०२८ पर्यंत एफएमवर जायचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२४ पासून काहींनी आपले काही एएम ट्रान्समीटर बंद ठेवून बघायला सुरुवातही केली.

ब्राझीलनं २०१३ च्या हुकमानं एएमवाल्यांना एफएमचा रस्ता उघडला. साओ पाउलोसारख्या शहरात पट्टा तुडुंब, म्हणून टीव्हीच्या पाचव्या-सहाव्या चॅनलची जागा, ७६ ते ८८ मेगाहर्ट्झ, जोडून घेतली. २०२१ मध्ये तिथे केंद्रं सुरू झाली. जुन्या सेटवर ती लागत नाहीत ही रड आहेच.

अमेरिकेत मात्र ७६ ते ८८ आजही टीव्हीकडेच. त्यामुळे तिथे एफसीसी या नियामक संस्थेनं २०१५ मध्ये पळवाट काढली: एएम केंद्रांना २५० वॅटचे छोटे एफएम ट्रान्सलेटर, म्हणजे तोच कार्यक्रम एफएमवर पुन्हा सोडणारे ट्रान्समीटर. ५० किलोवॅटचा हत्ती २५० वॅटच्या उंदरावर बसून शहरात फिरतोय. कागदोपत्री परवाना एएमचा, प्रत्यक्षात श्रोते त्या चिमुकल्या एफएमवर. एएम बंद केलं तर ट्रान्सलेटरही जातो, म्हणून कोणी न ऐकणारा मनोरा केवळ कागदासाठी चालू ठेवायचा. यात हशील काय ते मला कळलेलं नाही.

---

टिवटिव

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

रातकिडा

इतक्या गंभीर चर्चेत मी एकटाच असेन ज्याला ती रात्रीची गर्दी आवडते (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या). डायल सरकवत दूरची केंद्रं पकडणं हा आमचा छंद, आणि तुमचा 'उपद्रव' हे आमचं भांडार. मनोरा म्हणतात तशी छाटणी युरोपात झालीच की. नेदरलँड्सच्या सरकारी रेडिओनं सप्टेंबर २०१५ मध्ये मध्यम लहरी सोडल्या, जर्मनीचं डॉइचलांडफुंक आणि फ्रान्स इन्फो २०१५ संपताना गेले, ब्रिटनमध्ये १२१५ वरचं अॅब्सोल्यूट रेडिओ जानेवारी २०२३ मध्ये. हवा मोकळी झाली. मग उरलेल्यांचे श्रोते वाढले का? मला तरी तसं काही दिसलं नाही. मोकळ्या हवेचा फायदा दूरच्या लहानसहान केंद्रांना आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना झाला. श्रोत्यानं तोपर्यंत एएमचं बटण दाबायचंच सोडलं होतं.

पट्टा रिकामा होणं आणि पट्टा निरोगी होणं यांत फरक आहे एवढंच म्हणतो.

---

तिसरा कान

कधीची वाट बघत होते की कोणीतरी विचारेल: महानगरांत एएमवर असतं तरी काय?

संगीत एफएमवर जाऊन जमाना झाला. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीलाच एफएमचे श्रोते एएमपेक्षा जास्त झाले. एएमवर उरल्या बातम्या, खेळ, गप्पा, धर्म आणि स्थलांतरितांच्या भाषा. ज्यांना एफएमचा परवाना परवडत नाही, ते लोक एएमवर तासाच्या भाड्यानं वेळ घेऊन आपल्या भाषेत बोलतात. डॉक्टर कुठे आहे, कागदपत्रं कशी भरायची, शाळेचे प्रवेश कधी, कोण वारलं. जाहिरातदारांच्या सर्वेक्षणात हे श्रोते जेमतेम दिसतात, त्यामुळे 'श्रोते नाहीत' म्हणणं फार सोपं जातं.

तुमच्या छाटणीत पहिली कुऱ्हाड कोणावर? अनुनाद म्हणतात मोठी केंद्रं आधी जातात. खरं आहे, न्यूयॉर्कला डब्ल्यूसीबीएस ८८० नं १९६७ पासून चालवलेल्या अखंड बातम्या ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवल्या, तीही पन्नास किलोवॅटची. पण तिच्या श्रोत्यांना पर्याय होता: त्याच मालकाच्या दुसऱ्या बातमी-केंद्राला, १०१० च्या विन्सला, ऑक्टोबर २०२२ मध्येच एफएमची जोड मिळालेली. भाड्याच्या तासावर बोलणाऱ्याला कोण एफएमची जोड देणार? 'अॅप आहे की' हे उत्तर मला नकोय. ज्या आजोबांना अॅप उघडून द्यायला घरात कोणी नसतं, त्यांच्यासाठीच तो तास असतो.

---

अनुनाद

@तिसरा कान, डब्ल्यूसीबीएसवरून आठवलं, अवांतर आहे. अखंड बातम्या सुरू व्हायच्या त्याच सुमारास एक छोटं विमान त्यांच्या एएम मनोऱ्यावर आदळलं आणि पहिलं प्रसारण एफएमवरून करावं लागलं. १९६७ मध्ये! पुढे त्याच जागी, हाय आयलंड बेटावर, ६६० आणि ८८० ही दोन ५० किलोवॅटची केंद्रं एकाच मनोऱ्यावर चालली.

मुद्दा तोच आहे. एका मनोऱ्यावर दोन केंद्रं चालतात, तीन-चारही चालतात. प्रत्येकाच्या वाटेत फिल्टर बसवायचे, म्हणजे एकाची ऊर्जा दुसऱ्याच्या ट्रान्समीटरमध्ये शिरत नाही. मग शहरभर दहा जागा कशाला? दोन ठेवा. जमीन विकणाऱ्यांचं भलं होऊ द्या, पण मनोरे सामाईक करा.

वीजबिलाचंही सांगतो. पूर्ण मॉड्युलेशनला (म्हणजे लहरीवर आवाज पुरता चढवला तरी) एएमची दोन-तृतीयांश ऊर्जा वाहक लहरीत, म्हणजे आवाज जिच्यावर चढवतात त्या मूळ लहरीत, जाते, आणि तिच्यात माहिती शून्य. आवाजाप्रमाणे वाहक कमी-जास्त करणारे ट्रान्समीटर आहेत, एफसीसीनं २०११ पासून त्यांना परवानगी दिली आहे. बिल दिसण्याइतकं उतरतं.

---

लोहचुंबक

आणि डिजिटल? डीआरएम या डिजिटल रेडिओ पद्धतीनं ९-१० किलोहर्ट्झच्या एका चॅनलमध्ये स्वच्छ आवाज बसतो, जागा दुप्पट मिळाली तर एकाहून जास्त कार्यक्रम. आकाशवाणीचे तीसहून अधिक मध्यम लहरी ट्रान्समीटर डीआरएमचे आहेत, गाड्यांतही सेट येताहेत. गर्दीच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर नाही: केंद्रं तेवढीच, ट्रान्समीटर कमी.

---

खरखर

उत्तर सरळ, गिऱ्हाईक वाकडं. घरातला सेट कुठे मिळतो सांगा. अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये एएमला पूर्ण डिजिटल व्हायची परवानगी मिळाली, रांग लागली नाही. कारण डिजिटल केल्याक्षणी जुने सगळे सेट मुके. शिवाय एएममधलं बोलणं खरखरीतूनही कळतं. डिजिटल एक तर लागतं, नाही तर चिडीचूप.

ऐंशीच्या दशकात एएम स्टिरिओचं असंच झालं. १९८२ मध्ये एफसीसीनं एक पद्धत न निवडता बाजारावर सोडलं, कंपन्या भांडत बसल्या, १९९३ मध्ये सी-क्वाम ही पद्धत ठरली तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

---

मनोरा

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा पुढे गेला.

छाटणी हवीच यावर मी ठाम आहे, पण ती बाजारावर सोडून चालणार नाही हे अनुनाद आणि तिसरा कान यांच्या प्रतिसादांतून स्पष्ट होतंय. बाजार जमिनीचा भाव बघून छाटतो. तेव्हा नियामकानं एक अट घालावी: शहरातली मनोऱ्याची जागा विकायची तर आधी उरलेल्या एका सामाईक जागेवर भाषिक आणि सूचना देणाऱ्या केंद्रांना ठरावीक भाड्यानं ठाव द्यायचा, आणि त्याचा खर्च विक्रीच्या रकमेतून. जमिनीतून कोट्यवधी येतातच आहेत. शहरामागे चार-पाच केंद्रं उरली, ती पूर्ण पॉवरवर, रात्रंदिवस, तर मला पुरे आहेत.

---

तिसरा कान

चार-पाचांत किती भाषा बसवणार? तास वाटून घ्यायचे तर वाटप करणारा कोण, हाच पुढचा तंटा. तरी 'विक्रीच्या रकमेतून' हे आवडलं.

---

बिनतारी

अनुनाद, एका मनोऱ्यावर चार केंद्रं म्हणता, फ्रिक्वेन्सी किती जवळ चालतात? ५४० आणि ५५८ जमतील का?

---

अनुनाद

नाही जमणार. इतक्या जवळ फिल्टर फार तीव्र करावे लागतात आणि मग ते तुमच्याच कार्यक्रमाचे वरचे सूर कापतात. मध्ये शंभरएक किलोहर्ट्झ तरी असलेलं बरं. दुसरं, मनोऱ्याची उंची कोणाच्या सोयीची ठेवायची यावर वाद होतो: ५५८ ला पाव तरंगलांबी १३४ मीटर होते, १४०० ला ५४. लहान मनोऱ्यावर खालची फ्रिक्वेन्सी चढवली की आवाजाची पट्टी अरुंद होते. म्हणून जागा निवडताना सगळ्यांत उंच मनोरा असलेली आधी राखावी, ती विकली गेली की पुन्हा मिळत नाही. आकृती काढून उद्या टाकतो, त्यासाठी वेगळा धागा काढू.